माथेरानच्या वाटा कोणासाठी?

माथेरानविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, ते बहुतेक पाहुण्याने पाहुण्यासाठी लिहिलेले असते. कोणत्या पॉइंटावरून सूर्योदय पाहावा, घोडा कोठे मिळतो, चिक्की कोठे घ्यावी, नेरळहून छोटी गाडी केव्हा सुटते, एवढे सांगितले की लेखकाचे कर्तव्य संपते. त्या डोंगरावर बाराही महिने माणसे राहतात, त्यांची मुले शाळेत जातात, त्यांचे वृद्ध संध्याकाळी पाय मोकळे करावयास निघतात, त्यांच्या बायका श्रावणी सोमवारी महादेवाला जातात, ही गोष्ट त्या लिखाणात औषधालासुद्धा सापडत नाही. २०११ च्या जनगणनेत या गावची लोकसंख्या ४,३९३ भरली होती. या चार हजार माणसांस आपल्याच रानातून निर्वेधपणे हिंडण्याचा, तेथे आपल्या मुलांस खेळविण्याचा आणि दिवसभराचा शीण घालविण्याचा काही अधिकार आहे की नाही, असा आमचा प्रश्न आहे. प्रश्न डोंगरावर वसलेल्या पुष्कळ गावांचा आहे. परंतु माथेरानचे उदाहरण इतके स्वच्छ आहे की त्यावरच बोलणे बरे.

स्वच्छ अशासाठी की, माथेरान हे पायी चालणाऱ्यांचे गाव आहे. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारीस मज्जाव आहे आणि तेथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर आत आहे. सखल प्रदेशातील शहरात पायवाट बिघडली तर मनुष्य रिक्षा करतो, बसमध्ये बसतो, नाहीतर दुसऱ्या रस्त्याने जातो. माथेरानात वाट हीच रस्ता, वाट हीच बाग, वाट हेच मुलांचे मैदान आणि वाट हाच म्हाताऱ्यांचा कट्टा. ती बिघडली की माणसाला घरात बसण्यावाचून दुसरी गती नाही. म्हणून माथेरानातील वाटांची स्थिती हा सौंदर्यदृष्टीचा किंवा प्रवासी-व्यवसायाचा प्रश्न नसून तो तेथील गृहस्थाच्या नित्य जीवनाचा प्रश्न आहे. आणि नेमके हेच कोणी मानावयास तयार नाही.

याचे मूळ या गावाच्या जन्मातच आहे. १८५० च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हे हा डोंगर चढले, त्यांना हवा मानवली, आणि त्याच वर्षी त्यांनी वर आपली झोपडी बांधविली. पुढे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी येथे बंगला बांधला आणि मुंबईच्या बड्या लोकांची रीघ लागली. डोंगराच्या कडेकडेने, चढउतार शक्य तितका टाळून, रमतगमत जाता येईल अशा वाटा आखण्यात आल्या आणि प्रत्येक वाटेच्या टोकाला एक पॉइंट ठरला. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन ही नावे कोणाची, हे सांगावयास नको. १९०७ साली आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने नेरळपासून दोन फुटी रुळांची गाडी वर आणली, तीही मुंबईचा पाहुणा सुखाने वर यावा म्हणून. आम्ही त्या आखणीला नावे ठेवीत नाही. उलट वाट कशी आखावी याची समज त्या लोकांना चांगली होती, असेच आम्ही म्हणू. परंतु त्या साऱ्या व्यवस्थेत एक गृहीत धरलेली गोष्ट होती: फिरणारा मनुष्य उन्हाळ्यात येईल, दिवाळीच्या सुमारास येईल, आणि पहिला पाऊस पडण्यापूर्वी खाली उतरेल. मागे राहणार कोण? माळी, भिस्ती, घोडेवाला, दुकानदार आणि बंगल्याचा राखणदार. त्यांनी फिरावयाचे असते, ही कल्पनाच कोणाच्या डोक्यात नव्हती.

गव्हर्नर गेले, त्यांचे पाहुणचारही गेले. गृहीत मात्र जिवंत आहे. आजही वाटांची डागडुजी काढावयाची ती हंगाम तोंडावर आला म्हणून. दिवे, कठडे, बाके यांचा विचार होतो तो जेथे पाहुणा जातो तेथे. ज्या वाटेच्या टोकाला प्रेक्षणीय असे काही नाही, जी केवळ एका वस्तीतून दुसरीकडे किंवा शाळेकडे जाते, तिच्या नशिबी दगडगोटे आणि उघडी पडलेली मुळे. २०२५ च्या मार्च महिन्यात माथेरानमध्ये बेमुदत बंद पुकारण्यात आला होता. दस्तुरीवर पाहुण्यांची दिशाभूल करून त्यांना लुबाडण्यात येते, ही त्यामागची तक्रार होती. तक्रार खरी असेल आणि पोटाशी निगडित असल्यामुळे तिची तीव्रताही आम्ही समजू शकतो. पण गावातल्या मुलांना पावसाळ्यात चालावयास धड वाट नाही म्हणून एक दिवसाचाही बंद झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही. पाहुण्याच्या दुःखाने गाव उठते. आपल्या स्वतःच्या दुःखाची त्याला सवय झालेली आहे.

आता या वाटा बिघडतात कशा, हे थोडे खोलात जाऊन पाहिले पाहिजे. कारण त्यावरच पुढचा सारा वाद उभा आहे. माथेरानचा डोंगर खाली काळ्या पाषाणाचा, पण माथ्यावर जांभ्याची टोपी. गोमंतकातील आणि दक्षिण कोकणातील आमच्या वाचकांना जांभा समजावून सांगण्याची गरज नाही. त्यांची घरे, कुंपणे आणि देवळांचे चौथरे त्याच चिऱ्याचे आहेत. खाणीतून ताजा काढलेला चिरा मऊ असतो आणि उघड्या हवेत तो कठीण होतो, हे खाणकामगाराचे पोरही जाणते. पण त्याच जांभ्याची भुकटी झाली की तिच्यासारखी बेइमान माती नाही. उन्हाळ्यात तिचा लाल धुरळा नाकातोंडात जातो आणि पावसाळ्यात ती पाण्याबरोबर वाहून जाते. माथेरानात शेकडो घोडे आहेत; त्यांच्या नाल मारलेल्या टापांखाली ही माती वर्षभर कुटली जाते. मग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सरासरी दोनशे इंचांच्या घरात पाऊस कोसळतो. वाटेवरचे पाणी वाटेतच धावू लागले की वाट ही वाट राहत नाही, तिचा ओढा होतो. एका पावसाळ्यात बोटभर, दुसऱ्यात वीतभर माती जाते. जांभूळ, अंजनी, हिरडा यांची मुळे उघडी पडतात. आणि एखाद्या वादळी रात्री झाड आडवे होते. लोक म्हणतात, झाड वाऱ्याने पडले. वारा निमित्तमात्र, झाड त्याच्या पायाखालची माती गेली म्हणून पडते.

यावर उपाय नवीन शोधावयाचा आहे काय? मुळीच नाही. वाट उताराच्या बाहेरच्या अंगाला किंचित कलती ठेवावी, ठरावीक अंतरावर दगडांच्या आडव्या ओळी बसवून पाणी बाजूला काढावे, वरच्या अंगाला चर खणावा, तो पावसाळ्याच्या तोंडावर साफ करावा, आणि जेथे चढ उभा असेल तेथे बिनचुन्याचे दगड ठोकून पायऱ्या कराव्यात. कोकणात याला पाखाडी म्हणतात आणि ती बांधणारे हात अजून गावोगाव आहेत. पाखाडीच्या सांधीतून पाणी जिरते, तिच्या कडेला गवत धरते, आणि एखादा दगड निखळला तर दोन माणसे तासाभरात तो बसवितात. तिला एकच गोष्ट लागते: दरवर्षी कोणीतरी तिच्याकडे पाहिले पाहिजे. आणि दरवर्षी पाहणे हीच गोष्ट आपल्या सार्वजनिक कारभाराला सर्वांत जड जाते. एकदाच मोठा खर्च करून, कोनशिला बसवून, पुढे वीस वर्षे पाठ फिरविणे त्याला फार आवडते.

या वृत्तीतूनच पेव्हर ब्लॉकचा मोह उत्पन्न झाला. त्याविषयी आमची भूमिका आम्ही आडपडदा न ठेवता सांगतो. मुख्य रस्त्यावर माणसाने माणसाला ओढण्याची रिक्षा बंद व्हावी, हे सर्वथा न्याय्य होते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या मे महिन्यात ई-रिक्षाच्या प्रयोगास परवानगी दिली, त्या वर्षअखेरीस प्रयोग सुरू झाला, आणि ६ ऑगस्ट २०२५ रोजी न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या निर्णयाबद्दल आम्हाला समाधानच वाटले. आजारी माणूस, गर्भवती स्त्री, दूरच्या शाळेत जाणारे मूल यांना वाहन मिळाले पाहिजे, आणि ज्याला हे पटत नाही त्याने एकदा पावसातून रुग्णाला दस्तुरीपर्यंत नेऊन पाहावे. वाहन धावावयाचे तर त्या एका रस्त्यावर टणक पृष्ठ हवे, हेही आम्ही मान्य करतो. न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या रस्त्यावर ब्लॉक बसविण्यास मान्यता दिली, आणि त्याचबरोबर आतल्या वाटांवर ते बसवू नयेत असेही बजावले. ही रेषा योग्य ठिकाणी ओढलेली आहे.

परंतु रेषा ओढली म्हणजे कर्तव्य संपले असे नव्हे. 'आतल्या वाटांवर ब्लॉक नकोत' या वाक्याचा अर्थ कारभाऱ्यांच्या भाषेत 'आतल्या वाटांवर काहीच नको' असा होतो, ही आमची खरी भीती आहे. ज्या गावाला २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचे कवच आहे, त्या गावातील रहिवाशाला ते कवच एखाद्या दुखण्यासारखे वाटू लागावे, याहून त्या कवचाचा मोठा पराभव कोणता? आणि हा पराभव दोन्ही बाजूंचे लोक मिळून घडवीत आहेत. एका बाजूला 'विकास' म्हणजे सिमेंट एवढेच जाणणारे. दुसऱ्या बाजूला शनिवारी वर येऊन रविवारी परत जाणारे निसर्गप्रेमी, ज्यांना लाल मातीची वाट छायाचित्रात हवी असते आणि तिच्यावरून घसरून पडणारी शेजारीण दिसत नाही. पहिल्यांना वाट म्हणजे रस्त्याचा अपुरा गर्भ वाटतो, दुसऱ्यांना ती देवाने निर्माण केलेली वस्तू वाटते. वाट ही माणसाने बांधलेली आणि माणसाने राखावयाची वस्तू आहे, हे दोघांच्याही गावी नाही.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो घेणारे बहुधा स्वतः सुखवस्तू असतात. ते म्हणतात, 'डोंगरावरच्या कष्टकऱ्याला फिरावयास वेळ कोठे आहे? घोड्यामागे दहा मैल चालून आलेला मनुष्य पुन्हा हौसेने चालेल काय? फिरणे हे पोट भरलेल्यांचे चोचले आहेत.' या आक्षेपातील तुच्छता आम्हाला असह्य होते. पोटासाठी चालणे आणि मनासाठी चालणे यांत जे अंतर आहे, ते कष्टकऱ्याला कळत नाही असे समजावयाचे काय? दिवसभर चुलीपुढे आणि पर्यटकांच्या खोल्या झाडण्यात घालविणाऱ्या बाईला संध्याकाळी मैत्रिणीबरोबर अर्धा मैल सावलीतून चालावेसे वाटत नसेल, हे ठरविणारे आपण कोण? वारीला जाणारा शेतकरीही वर्षभर शेतात चालतच असतो. तरी तो आषाढात पंढरीची वाट धरतो, आणि त्याला कोणी विचारीत नाही की बाबा, तुझे पुरेसे चालून झाले नाही काय?

ज्या इंग्रजांनी माथेरान वसविले, त्यांच्याच देशात हा वाद पूर्वी झालेला आहे. तेथील डोंगरमाळ जमीनदारांनी शिकारीसाठी राखून ठेवले होते आणि गिरण्यांच्या शहरांतील मजुरांना रविवारी तेथे पाऊल टाकण्याची बंदी होती. १९३२ च्या एप्रिल महिन्यात मँचेस्टर आणि आसपासचे शेकडो कामगार तरुण ठरवून किंडर स्काउट नावाच्या पठारावर चढून गेले. पाच जणांना त्यासाठी तुरुंगवास झाला. लॉर्डांची नव्हे, गिरणीतल्या मजुरांची ही चळवळ होती, आणि चोचल्यांसाठी कोणी तुरुंगात जात नाही. पुढे १९४९ साली तेथे कायदा झाला आणि प्रत्येक परगण्याच्या मंडळाने आपल्या हद्दीतील सार्वजनिक पायवाटांचा अधिकृत नकाशा करावा असे ठरले. नकाशावर आलेली वाट कोणाला मनाला येईल तेव्हा बंद करता येत नाही आणि ती चालण्याजोगी राखणे हे त्या त्या मंडळाचे कर्तव्य ठरते. वीस वर्षे लोक निर्वेधपणे वापरीत असलेली वाट सामान्यतः सार्वजनिक मानली जाते. म्हणजे ज्यांनी आपल्याकडे पाहुण्यांसाठी पॉइंट बांधले, त्यांनी घरी रहिवाशांसाठी हक्क बांधले. आपण त्यांचे पॉइंट तेवढे जतन करून ठेवले आहेत.

आणि नकाशाची कल्पना तरी आपल्याला परकी कोठे आहे? आपल्या गावनकाशांवर पायमार्ग तुटक रेषेने दाखविण्याची पद्धत जुनी आहे. त्या रेषेच्या जोरावर किती शेतकऱ्यांनी मामलेदारापुढे आपली वाट परत मिळविली असेल. डोंगरावरच्या गावाला मात्र जो नकाशा छापून मिळतो, तो पाहुण्याच्या खिशात ठेवण्याचा. त्यात हॉटेले ठळक आणि वाटा पुसट.

वर राहणाऱ्यांइतकाच, किंबहुना काकणभर अधिक अधिकार या वाटांवर आणखी कोणाचा असेल तर तो उतारावरील ठाकूर आणि कातकरी वाड्यांचा. मॅलेट वर चढले त्याच्या कितीतरी आधीपासून ही माणसे या रानात वावरत होती. आजही त्यांच्यातील कितीतरी जण कामासाठी, भाजी आणि रानमेवा विकण्यासाठी पायी वर येतात आणि अंधार पडण्यापूर्वी उतरतात. वन ट्री हिलची ती शिडीची वाट असो की रामबागेची, ती पाहुण्याला साहस वाटते. वाडीतल्या बाईला ती कामाची वाट असते. तिच्या एका वळणावर दरड आली तर साहसप्रिय मनुष्य पुढच्या शनिवारी दुसऱ्या किल्ल्यावर जाईल. ती बाई कोठे जाणार?

आमच्या वाचकवर्गाला आणखी एक गोष्ट निवेदन करणे आम्हास प्राप्त आहे, कारण ती देवळाशी संबंधित आहे. शार्लट तलावाच्या काठी पिसारनाथ महादेवाचे स्थान आहे. तो माथेरानचा ग्रामदेव. शिवस्थानाला गर्दी व्हावयाची ती श्रावणात, आणि श्रावण म्हणजे त्या डोंगरावर धुके, शेवाळ आणि वाटेवरून वाहणारे पाणी. देवाचा महिना आणि वाटेचा सर्वांत वाईट महिना एकच. उन्हाळ्यातील पाहुण्याच्या मोजमापाने वाट बांधली की गावच्या भाविकाच्या वाट्याला काय येते, हे याहून स्पष्ट करून सांगण्याची गरज नसावी. देवदर्शन ही करमणूक आहे काय, असे कोणी आम्हाला विचारील. आम्ही विचारतो, प्रदक्षिणा, पालखी, जत्रेची पायवाट यांतून आपल्या लोकांनी शरीराचा व्यायाम, शेजाऱ्यांची गाठभेट आणि मनाची प्रसन्नता या गोष्टी देवापासून वेगळ्या कधी काढल्या होत्या?

मात्र देवस्थानांच्या समित्यांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. डोंगरावरील देवाकडे जाणारी जुनी दगडी चढण मोडून तेथे गुळगुळीत फरशी आणि वर पत्र्याचे छप्पर घालण्याची जी साथ आली आहे, ती भक्तीची नव्हे, देणगीदाराच्या नावाच्या पाटीची साथ आहे. पावसात त्या फरशीवर पाय ठरत नाही आणि उन्हात ती पोळते. आमच्या गोव्यात पारोड्याच्या चंद्रनाथाचा डोंगर आता मोटार बहुतांशी चढून जाते. वृद्धांची सोय झाली, हे उत्तमच. पण मोटार आली म्हणून पायवाट राखावयाची नाही, असा नियम कोणी केला? सप्तशृंगगडावर २०१८ पासून यांत्रिक ट्रॉली चालते. म्हणून पायऱ्यांची गरज संपली असे कोणी म्हणेल तर त्याला भाविक हसतील. सोय आणि वाट या दोन्ही गोष्टी एका डोंगरावर सुखाने नांदू शकतात. माथेरानात ई-रिक्षा धावली म्हणजे आतल्या वाटांकडे दुर्लक्ष करण्याचा परवाना मिळाला, असा तर्क कोणी करू लागला तर त्याला आताच अडविले पाहिजे.

तेव्हा आमचे मागणे काय? माथेरानातील प्रत्येक पायवाट, मग तिच्या टोकाला पॉइंट असो वा नसो, अधिकृत नकाशावर नोंदली जावी आणि ती बाराही महिने चालण्याजोगी ठेवण्याची जबाबदारी नगरपरिषद आणि वनखाते यांच्यात नाव घेऊन वाटून दिली जावी. घोड्यांच्या वाटा निराळ्या असाव्यात. जेथे तशी जागा नाही तेथे भर पावसातील काही आठवडे घोडे बंद ठेवावेत आणि त्या काळातील घोडेवाल्यांची भाकरी गावाने सांभाळावी. कारण बंदी त्यांच्यावर आणि फायदा साऱ्यांना, हा व्यवहार आम्हाला मंजूर नाही. पैसा कोठून आणावा, हा प्रश्न तर विचारूच नये. वर येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून दस्तुरीवर प्रवासी कर घेतला जातो. तो ज्या वाटांच्या जिवावर मिळतो, त्या वाटांसाठी त्यातील निश्चित हिस्सा बाजूला काढण्यास कोणत्या शास्त्राची आडकाठी आहे?

आणि काम करणारे हातही शोधण्याची गरज नाही. हातरिक्षेचे परवाने ९४ होते. त्या लोकांस ई-रिक्षा मिळावी हे तर झालेच. पण ज्यांनी जन्मभर या डोंगराची चढण आपल्या पोटऱ्यांनी मोजली, त्यांच्याइतके वाटेचे ज्ञान कोणत्या अभियंत्याला असणार? त्यांतील ज्यांना हवे असेल त्यांना, आणि वाड्यांतील तरुणांना, वाट राखण्याचे कायम वेतनाचे काम द्यावे. ठेकेदार नको. ठेकेदार हंगामापुरता येतो, आणि वाट हंगामापुरती नसते.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात तेथे पाऊस धरतो. चर साफ करावयाचे, आडवे दगड बसवावयाचे, पिसारनाथाच्या उताराची पाखाडी ठोकावयाची ती त्याआधी. मे महिन्यात हॉटेले भरलेली असतात आणि तेव्हा कोणाला सवड नसते, असे दरवर्षी सांगण्यात येते. मग ते काम मार्चमध्ये काढावे.